३७ सेकंदांत न मावलेली लावणी

दुकानात येऊन तिने मोबाइल काउंटरवर ठेवला. "दादा, ह्याच्यात मी कुठंय, दाखवा बरं."

स्क्रीनवर ३७ सेकंदांची रील फिरत होती. कंबर, पाय, घुंगरू, गिरकी, पुन्हा कंबर, ओठ, आरशासमोर कुंकू लावणारा हात, पुन्हा गिरकी. ती रील मीच कापली होती. तिच्यासमोर ती मला चार वेळा बघावी लागली. तिचा पूर्ण चेहरा, दोन्ही डोळ्यांसकट, एकदाच आला होता, आणि तोही ती पायात घुंगरांची चाळ बांधत बसलेली असताना, बेसावध.

अंबाजोगाईत माझं लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं दुकान आहे. सोलापूर–धुळे महामार्गालगतच्या एका कला केंद्राच्या, म्हणजे संगीत बारीच्या थिएटराच्या, मालकांनी मला जाहिरातीसाठी "चार-पाच कडक रील" करायला सांगितल्या होत्या. त्यातल्या एका रीलमुळे एका कलावंत बाईचं नुकसान झालं. ते मालकांच्या हातून कमी आणि माझ्या कात्रीने जास्त झालं. तेव्हापासून मी एका गोष्टीचा विचार करत आलोय: शृंगार सादर करणाऱ्या बाईचं देखणेपण, आपण ज्याला नजाकत म्हणतो ते, नेमकं कुठे असतं? अंगात असतं, कपड्यात असतं, की आणखी कुठे? माझ्या धंद्यातल्या कुणीतरी हे मन लावून लिहायला हवं असं वाटलं, म्हणून हे सगळं मांडतोय. तिची परवानगी आहे, मात्र तिचं घरचं नाव आणि बारीतलं नाव दोन्ही लिहायचं नाही, या अटीवर. मी तिला ताई म्हणतो, तसंच इथेही म्हणेन. वय एकतीस. तिच्या पार्टीची मालकीण म्हणजे तिची मावशी, साठी ओलांडलेली. तिला सगळेच अक्का म्हणतात.

बाहेरच्यांसाठी एवढं सांगायला हवं की संगीत बारी म्हणजे वगनाट्याचा तमाशा नव्हे. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात. प्रत्येकीत नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाया, ढोलकीवाला, तबलजी, पेटीवाला. रात्री पार्ट्या आळीपाळीने रंगमंचावर येतात, ती त्यांची बारी. ज्याला एखाद्या पार्टीचं गाणं निवांत ऐकायचं असेल तो बैठक लावतो. थिएटरचा मालक वेगळा, पार्टीची मालकीण वेगळी, आणि कमाईची वाटणी ठरलेली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थिएटरं बंद पडली आणि या बायांच्या हातात मोबाइल सोडून काही उरलं नाही. थिएटरं उघडली तेव्हा गिऱ्हाइकाची सवय बदललेली होती. तो आता आधी मोबाइलवर बघून मग यायचा की नाही ते ठरवू लागला. मालकांना रील हवी होती ती त्यामुळे. त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं, आजही पूर्ण चुकीचं वाटत नाही.

अकरा मिनिटांत काय घडत होतं

रीलसाठी मी जे मूळ चित्रीकरण केलं, ते ताईच्या एका बैठकीच्या लावणीचं होतं. सलग अकरा मिनिटं. ताई येऊन गेल्यावर त्या रात्री मी ते पहिल्यांदा न थांबवता बघितलं. तोवर मी फक्त त्यातून तुकडे उचलले होते.

रुसलेल्या नायिकेची पारंपरिक लावणी. रात्र सरत आली, आता येतोस होय, असा भाव. ताई पेटीजवळ बसलेली आहे. एक गुडघा मोडलेला, दुसरा उभा, त्यावर हात. नऊवारी शालू, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला. पहिली ओळ ती समोर न बघताच म्हणते. ओळ परत येते तेव्हा नजर वर जाते, पण समोरच्या माणसाच्या खांद्यापर्यंतच. तिसऱ्यांदा तीच ओळ, आता ती त्याच्याकडे बघते आणि शेवटचा शब्द म्हणतच नाही. तो शब्द पेटीवाला वाजवतो. चौथ्यांदा ती तो शब्द म्हणते, पण पदराआडून. पाचव्यांदा हसते आणि ओळ ढोलकीला देऊन टाकते. सहाव्यांदा त्याच ओळीत राग आहे, खराखुरा राग, आणि बघणारा माणूस बसल्या जागी सावरून बसतो. तो सावरल्याचं दिसलं की मगच तिचा उभा गुडघा खाली येतो आणि एका पायाची चाळ एकदाच वाजते.

एका ओळीला साडेतीन मिनिटं लागलेली आहेत. अंगावरचा एक काठ इकडचा तिकडे झालेला नाही. तरीही त्या खोलीत जे चाललंय ते शृंगाराशिवाय दुसरं काही नाही, हे लहान लेकराला सोडून कुणालाही कळेल.

लावणीची जाणकार मंडळी याला अदाकारी म्हणतात. यमुनाबाई वाईकरांनी (१९१५–२०१८) आयुष्यभर हीच बैठकीची लावणी गायली आणि २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक ओळ घेऊन तिचे अर्थ उलगडत बसायचे, ही रीत ठुमरीच्या शेजारची. आमच्या बालाघाटाच्या डोंगराचं नाव मिरवणारी बालेघाटी लावणी तर विरहाची, संथ. तिच्यात नाचायला फारसं काही नसतंच, वाट बघायची असते. रंगमंचावर नाचून करायची फडाची लावणी जशी पायावर उभी असते, तशी ही बैठकीची लावणी वेळेवर बसलेली असते. कुणी किती थांबायचं हे बाई ठरवते. समोरच्याला हवं ते ती देणार आहे असं वाटतं, आणि नेमकं त्या क्षणी ती दुसरंच देते. ते आधीच्यापेक्षा जास्त असतं, फक्त वेगळ्या जातीचं असतं.

अक्काने हे मला एका वाक्यात सांगितलं होतं: "पोरी घाई करत्यात. आपुन द्यायचं नसतं, समोरच्याला मागायला लावायचं असतं. आन् मागितलं की मंग बी लगेच द्यायचं नसतं."

मी माझ्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर या अकरा मिनिटांचं काय केलं ते आता नीट सांगतो. थांबणं सगळं कापलं. ओळीची पहिली पाच आवर्तनं गेली. पदराआडचा शब्द गेला, कारण तिथे "काही दिसत नव्हतं". राहिली ती शेवटच्या मिनिटातली गिरकी, जिथे ती उठते. ती मी संथ गतीने लावली, कंबरेवर झूम केलं, ढोलकीच्या प्रत्येक थापेवर एक कट दिला. मूळ आवाज काढून एका चालू सिनेमाचं गाणं बसवलं. तिचा आवाज, पेटी, चाळ, काहीच उरलं नाही. कपडे तेच होते, गळ्यापासून घोट्यापर्यंत. बाईही तीच. तरी ते बघताना ताईला लाज वाटली आणि अकरा मिनिटांच्या मूळ लावणीची कधी वाटली नव्हती. या फरकात सगळं प्रकरण आहे.

नाव

रीलचा दुसरा दोष मला तिने दाखवेपर्यंत कळलाही नव्हता.

लावणीच्या जगात बाईला नाव असतं आणि नावामागे गाव असतं. वाईकर, नारायणगावकर, पंढरपूरकर, कोपरगावकर. यमुनाबाई, विठाबाई, सत्यभामाबाई, कौसल्याबाई ही माणसं लोकांना अशीच माहीत झाली. ताईलाही असं एक नाव आहे. त्या नावाची बाई रोज संध्याकाळी पाऊण तासात तयार होते: आधी केस, मग चेहरा, मग शालू, आणि शेवटी चाळ. चाळ बांधताना ती कपाळाला लावते आणि त्यानंतर तिला घरच्या नावाने कुणी हाक मारायची नाही, असा पार्टीत नियम आहे. सकाळी चाळ सुटली की ती दुसरी बाई असते. त्या बाईचा मुलगा तालुक्याच्या गावात चौथीत आहे, आजीकडे राहतो, आणि शाळेच्या दाखल्यावर तिचं जे नाव आहे ते बारी बघायला येणाऱ्या कुणाला ठाऊक नाही.

बाहेरून बघणाऱ्याला हे लपवणं वाटतं. मला आता तो घराचा उंबरठा वाटतो. उंबरठा असला की माणूस दोन्हीकडे मोकळेपणाने वावरू शकतो. बारीतली बाई रागावते, रुसते, डोळा घालते, एखाद्या माणसाला सगळ्यांसमोर पाणी पाजते. हे तिला जमतं, कारण ते तिच्या घरच्या नावावर जमा होत नाही. ज्या बायांना असं दुसरं रूप नीट उभं करता येत नाही, त्या लवकर थकतात, असं अक्का म्हणते. तिने तीन पिढ्या पाहिल्यात.

मी काय केलं होतं? "पडद्यामागचं" दाखवलं की लोक जास्त बघतात, म्हणून मी त्यांच्या खोलीत कॅमेरा नेला होता. ताईने तेव्हा नाही म्हटलं नाही, हे खरं. पण तिने हो म्हटलं ते आरशासमोरच्या तयारीला. मी घेतलेल्या त्या दोन सेकंदांत मागच्या खुंटीवर मुलाचं दप्तर टांगलेलं होतं. उन्हाळी सुट्टीत तो आईकडे आला होता. दप्तरावर शाळेचं नाव छापलेलं. आणि खाली, जास्त लोकांपर्यंत जावं म्हणून, मी गावाचं नाव टाकलेलं.

कुणीतरी ते थांबवून वाचलं. पुढे काय झालं ते मी खोलात लिहीत नाही. मुलगा पंधरा दिवस शाळेत गेला नाही, एवढं पुरे.

माझ्या कात्रीचे पूर्वज

त्यानंतर मी बरंच वाचलं. मला माझ्या धंद्याचाच इतिहास नीट माहीत नव्हता, आणि कंबरेवर झूम करायची खोड माझ्या बोटांत कुठून आली ते शोधावंसं वाटलं.

ती मी लग्नाच्या शूटिंगमध्ये शिकलो नव्हतो. स्पष्टच लिहितो, प्रौढांसाठीच्या चित्रपटांची भाषा सगळ्या कॅमेऱ्यांत झिरपली आहे, आणि तिच्यातलाही सगळ्यात घाईचा भाग झिरपला आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात असे चित्रपट फिल्मवर काढले जात आणि थिएटरात दाखवले जात. त्यांना कथा असे, पात्रं असत, आणि बघणारा दीड तास बसणार हे गृहीत धरलेलं असे. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली, चित्रण स्वस्त आणि झटपट झालं, आणि घरी बसलेला माणूस बटण दाबून पुढे जाऊ लागला. बघणाऱ्याच्या हातात ते बटण आल्यावर कथा आधी गेली, मग पात्र गेलं. इंटरनेटवर तुकडे आले तेव्हा उरला होता फक्त अंगाचा भाग. माझ्या ३७ सेकंदांची वंशावळ ही अशी आहे.

जपानची गोष्ट मला जास्त रेंगाळून वाचावीशी वाटली. तिथे निक्कात्सु नावाचा जुना स्टुडिओ डबघाईला आला आणि १९७१ पासून १९८८ पर्यंत त्याने प्रामुख्याने कामुक चित्रपट काढले. ठरावीक अंतराने एक प्रणयदृश्य आलं पाहिजे, ही मालकांची अट. बाकी दिग्दर्शकाला मोकळीक. स्टुडिओचे सेट, मुरलेले छायालेखक, प्रकाशयोजना करणारे जाणते लोक. त्यात तिथल्या दंडसंहितेच्या कलम १७५ मुळे गुप्तांगं दाखवायची सोय नाही. त्या सगळ्याच चित्रपटांची तरफदारी मला करायची नाही. बाईवरची जबरदस्ती मनोरंजन म्हणून दाखवलेले त्यात पुष्कळ आहेत, आणि तिथे छायालेखन कितीही सुंदर असलं तरी मला त्याला नजाकत म्हणवत नाही. पण एक गोष्ट दिसते. जिथे दाखवण्याला मर्यादा पडते आणि कलावंताला वेळ मिळतो, तिथे कॅमेरा चेहऱ्याकडे, हाताकडे, कापडाच्या घडीकडे वळतो. आमच्या ताईचा पदर याहून वेगळं काही करत नव्हता.

त्या धंद्यातही कलावंत टोपणनावानेच काम करतात, देश कुठलाही असो. तिथेही ते नाव म्हणजे एक घडवलेलं माणूस असतं: त्याची चाल ठरलेली, हसणं ठरलेलं, काय करणार आणि काय नाही हे ठरलेलं. ज्यांचं हे रूप पक्कं असतं त्यांच्यात एक प्रकारचा रुबाब दिसतो, आणि तो कपडे असण्या-नसण्यावर अवलंबून नसतो. आपण बघितलं जातोय हे त्यांना माहीत असतं आणि त्या बघण्याचा लगाम त्यांनी आपल्या हातात धरलेला असतो. हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होत नाही. ताईशी बोलल्यानंतर तर अजिबात नाही. तिने स्वतःच विचारलं होतं, "त्या बायांचंबी कुणी असंच कापतंय का, दादा?"

कापतात. त्यावर जपानमध्ये जून २०२२ मध्ये कायदा झाला. करार आणि चित्रीकरण यांच्यात १ महिना जायला हवा, चित्रीकरण संपल्यापासून ४ महिने प्रदर्शन करायचं नाही, आणि प्रदर्शनानंतरही १ वर्षाच्या आत कलावंताला कारण न देता करार मोडता येतो. कॅमेऱ्यासमोर उभं राहायला दिलेलं हो आणि ते जगाला दाखवायला दिलेलं हो, हे दोन वेगळे होकार आहेत, असं त्या कायद्याने मान्य केलं. दप्तराच्या बाबतीत मला हेच कळलं नव्हतं.

आपल्याकडे असे चित्रपट बनवणं आणि पसरवणं हाच गुन्हा आहे. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम २९२, आता भारतीय न्याय संहितेचं २९४, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७अ. माझी रील त्यात बसत नव्हती. पूर्ण कपडे, सार्वजनिक कार्यक्रम. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात म्हटलं की चित्र अश्लील आहे का हे त्याचा संदर्भ धरून आणि आजच्या समाजाच्या मापाने ठरवायचं. पण संदर्भच कापून टाकणाऱ्या माणसाचं काय करायचं? कायद्याला त्या ३७ सेकंदांत काहीच सापडलं नसतं.

सरकार लावणीकडे बघतं तेव्हा तेही बहुतेक वेळा अंग आणि शब्दच मोजत बसतं. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली, मग समिती नेमली, संहिता तपासून घ्यायची अट आली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्यामुळे ती पहिली बंदी आमच्या वाट्याला आली नाही. पुढे १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो तेव्हा परवान्यांची व्यवस्था तयारच होती. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली, त्यातून तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे नाच तोच, पण छप्पर महागाचं असेल तर तो सभ्य. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि हा भेदभाव तिथे टिकला नाही. नजाकत ही श्रीमंतांची मक्तेदारी आहे, ही समजूत मात्र टिकून आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत नाहीतर माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत ज्यांनी धुरळ्यात बसून चांगली लावणी ऐकली आहे, त्यांना हे पटणार नाही.

दुसऱ्यांदा

रील मी त्याच दिवशी काढली. तोवर ती कितीतरी जणांनी उतरवून घेतली होती. त्यातल्या काही प्रती अजून फिरतात. दप्तराचा तुकडा असलेल्या प्रती मी दिसतील तिथे कळवत राहतो. काही निघतात, काही निघत नाहीत.

मी ताईला पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. म्हणाली, "पैशाचं काय करू? मपली लावणी मला परत द्या." मग अक्कासोबत बसून आम्ही एका कागदावर अटी लिहिल्या. साध्या मराठीत, अक्काने सांगितल्या तशा. खोलीत कॅमेरा नाही. ओळ सुरू झाली की संपेपर्यंत कट नाही. आवाज तिथलाच. चेहरा आणि हात चौकटीबाहेर जायचे नाहीत. घरचं नाव, गाव, माणसं काही नाही. चित्रण झाल्यावर महिनाभर ते फक्त पार्टीकडे राहील, आणि महिन्यानंतर ताईने हो म्हटलं तरच बाहेर जाईल. नंतर कधीही काढ म्हटलं तर कारण न विचारता काढायचं. महिन्याची अट मी सुचवली, जपानचं वाचून. कारण न विचारण्याची अट अक्काची स्वतःची. तिने काहीही वाचलेलं नव्हतं.

पहिलं चित्रण फसलं. आम्ही दुपारी थिएटर रिकामं असताना केलं, म्हणजे गोंगाट नको. प्रकाश चांगला, आवाज स्वच्छ, तालही बरोबर. पण लावणी मेलेली. ताईने ती सगळी आवर्तनं घेतली आणि एकही लागलं नाही. तिसऱ्या आवर्तनात ती समोर बघते ती जागा आली तेव्हा ती लेन्सकडे बघून मधेच थांबली.

"हा आंधळाय, दादा."

मला आधी कळलं नाही. ती म्हणाली, बैठकीत ती माणसाकडे बघते तेव्हा माणूस नजर खाली घेतो, नाहीतर हसतो, नाहीतर शेजारच्याकडे बघतो. त्याने काय केलं त्यावर तिची पुढची अदा ठरते. हा काचेचा गोल डोळा काहीच करत नाही. नुसता बघतच राहतो. "ह्याला लाज न्हाई," ती म्हणाली, आणि यात विनोद नव्हता. ती कामाची अडचण सांगत होती.

इतक्या वर्षांत लेन्सबद्दल इतकी नेमकी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. जिवंत बैठकीत बघणं दोन्हीकडून असतं. बघणाऱ्यालाही बघितलं जाण्याची जोखीम घ्यावी लागते, आणि बारीतल्या बाईचा सगळा रुबाब त्या जोखमीवर उभा असतो. ती कुणालाही, कधीही पकडू शकते. लेन्सच्या मागे बसलेल्या माणसाला ती पकडू शकत नाही. तो अंधारात, घरी, एकटा, बटणावर अंगठा ठेवून बसलेला असतो. कॅमेऱ्यासमोर शृंगार करणाऱ्या प्रत्येक बाईला हीच अडचण येत असणार, मग तो लावणीचा कॅमेरा असो की दुसरा कुठला. कॅमेऱ्यासाठी जे घडवलेलं रूप लागतं ते इथे लागतं: समोर कुणीच नसताना कुणीतरी आहे असं धरून त्याच्यावर हुकूम चालवायचा. ते बारीतल्या रूपापेक्षा निराळं कसब आहे. ताईला ते येत नव्हतं आणि तिने शिकावं असं मला वाटलंही नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही रात्रीच केलं. अक्काने जुने रसिक बोलावले, पाच माणसं. त्यातले एक केजकडचे निवृत्त शिक्षक. ते पंचवीस वर्षं अक्काची लावणी ऐकत आलेले. सतरंजीवर, जमिनीवर. कॅमेरा मी त्यांच्यामध्ये, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवला आणि मास्तरांना लेन्सला खेटून बसवलं. ताई मास्तरांकडे बघणार, म्हणजे जवळजवळ लेन्सकडेच, पण काचेकडे नाही. एकच फ्रेम: डोक्यापासून जमिनीवर टेकलेल्या पावलापर्यंत. चाळेजवळ एक छोटा माइक ठेवला, कारण पहिल्या खेपेला ढोलकीने चाळेचा आवाज खाल्ला होता आणि ती एकदाच वाजणारी चाळ ऐकू आलीच पाहिजे होती.

लावणी अकराऐवजी साडेबारा मिनिटं चालली. सहाव्या आवर्तनात ताई रागावली तेव्हा मास्तरांचा खांदा चौकटीच्या कडेला हलताना दिसतो. एरवी मी तो कापला असता, चूक म्हणून. तो ठेवला. त्या खांद्यामुळे घरी बघणाऱ्याला कळतं की समोर एक माणूस बसलेला आहे आणि बाईने त्याला हलवलं आहे.

मालकांना ते आवडलं नाही. साडेबारा मिनिटं कोण बघतंय, असं ते म्हणाले, आणि बघणाऱ्यांचा आकडा त्यांच्याच बाजूने आहे. रीलच्या तुलनेत ते फारच थोड्यांनी बघितलं. बघून आलेल्यांपैकी काहींनी मात्र तीच लावणी मागितली आणि शेवटपर्यंत बसले. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मालकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे तसाच आहे, आणि दुसऱ्या पार्ट्यांच्या रील दुसरीकडून बनून येतच आहेत. मुलगा आता शाळेत जातो, शाळा बदलली.

बाहेर जाण्यापूर्वीचा तो महिना संपत आला तेव्हा ताई आणि अक्का दुकानात आल्या. मी मोठ्या स्क्रीनवर लावलं. ताई पूर्ण वेळ न हलता बघत होती. अक्का मधूनमधून मान डोलवत होती, आणि एका जागी तिने "हां" म्हटलं. ती जागा चौथ्या आवर्तनातली, पदराआडचा शब्द. त्या रात्री तो शब्द असा काही आला होता की मीही कॅमेऱ्यामागे श्वास धरला होता. आख्ख्या चित्रणातली ती सगळ्यात उंच जागा.

संपल्यावर ताई म्हणाली, "समदं ठेवा. तेवढा पदराआडचा काढा."

कट नाही ही अट त्यांचीच होती, मी आठवण करून दिली. आणि तीच तर सगळ्यात चांगली जागा आहे, हेही सांगितलं.

"म्हणूनच," ती म्हणाली. "ज्याला त्यो पाहिजे त्यानं बैठकीला यावं."

अक्का काही बोलली नाही, पण पान लावता लावता तिचा हात थांबला आणि तिने भाचीकडे बघितलं. मी ते चौथं आवर्तन उचललं, तिसऱ्याचं टोक पाचव्याच्या हसण्याला जोडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून लावून दोघींना दाखवलं.